भिंत लहान होते, खडी लहान होत नाही

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात रस्ते, पूल, धरणे आणि बंदरे यांच्या प्रतिकृती दरवर्षी पाहायला मिळतात. त्यांतल्या गाड्या, झाडे आणि दिवे बहुधा बाजारातून आणलेले असतात. भिंती आणि कठडे मात्र मुले स्वतः करतात. कोणी थर्मोकोलला करडा रंग देते, तर कोणी ‘खरे वाटावे’ म्हणून खरोखरचे सिमेंट-वाळू कालवून साच्यात ओतते. गंमत अशी की खऱ्या सिमेंटची भिंत पुष्कळदा थर्मोकोलपेक्षाही खोटी दिसते. ती काँक्रीटची भिंत न वाटता खडबडीत दगडाचा तुकडा वाटते. पदार्थ खरा असूनही असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला गणित, रसायन आणि भौतिकशास्त्र या तिन्ही विषयांत डोकवावे लागते. म्हणूनच हा उद्योग केवळ हस्तकलेच्या तासापुरता ठेवू नये असे आम्हाला वाटते. या लेखात आपण महामार्गावरच्या काँक्रीटच्या कठड्याची एक प्रतिकृती प्रत्यक्ष करू, आणि ती करता करता प्रतिकृतीत काय लहान होते आणि काय होत नाही, हेही पाहू.

कोणता कठडा?

उड्डाणपुलांच्या कडेला आणि मोठ्या रस्त्यांच्या मधोमध खाली रुंद आणि वर अरुंद असे काँक्रीटचे कठडे असतात. या घराण्यातला सर्वांत प्रसिद्ध आकार ‘जर्सी कठडा’ या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९५५ मध्ये असे कठडे प्रथम बसवले गेले. त्यांची उंची जेमतेम ४६ सेंमी होती. अनुभवाने ती वाढवत नेली, आणि १९५९ पर्यंत ८१ सेंमी उंचीचा आकार रूढ झाला.

या कठड्याची बाजू सरळ उभी नसते. जमिनीलगत सुमारे ७.५ सेंमी उभा भाग, त्यावर २५.४ सेंमी उंचीपर्यंत ५५ अंशांचा उतार आणि पुढे माथ्यापर्यंत ८४ अंशांचा, म्हणजे जवळजवळ उभा भाग, अशी तिची रचना असते. तळाची रुंदी ६१ सेंमी, माथ्याची १५ सेंमी. गाडी लहान कोनात घासत आली, की तिचे चाक आधी खालच्या उतारावर चढते. गाडी किंचित उचलली जाते आणि पुन्हा रस्त्याच्या दिशेने वळते. सौम्य धडक असेल तर गाडीचा पत्रा भिंतीला फारसा लागत नाही. पुढे असे दिसून आले, की हा उतार लहान गाड्यांना जास्तच उचलतो आणि त्या उलटण्याचा धोका असतो. म्हणून नंतरच्या एका सुधारित आकारात उताराचा वरचा मोड जमिनीपासून ३३ सेंमीऐवजी २५.५ सेंमीवर आणला गेला. म्हणजे या आकारातली प्रत्येक रेघ कारणाने आलेली आहे. प्रतिकृती करताना ‘साधारण तिरके’ करून चालणार नाही, ते यासाठीच.

प्रमाण ठरवू

आपण १:२० हे प्रमाण घेऊ. खऱ्या वस्तूचे २० सेंमी म्हणजे प्रतिकृतीतला १ सेंमी. मग कठड्याची उंची ४ सेंमीहून किंचित जास्त, तळ ३ सेंमी, माथा ७.५ मिमी आणि ३ मीटर लांबीचा तुकडा १५ सेंमीचा होतो. वर्गातल्या पट्टीवर सहज मोजता येतील अशी ही मापे आहेत.

एकदा प्रमाण ठरले की ते देखाव्यातल्या प्रत्येक वस्तूला लागू पडते. दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळा महादरवाजापेक्षा उंच असतो आणि अळिवाचे रोप बुरुजाशी स्पर्धा करते. तिथे ते शोभते, कारण तिथला आनंद वेगळा आहे. विज्ञान प्रदर्शनात मात्र १:२० च्या कठड्याशेजारी १:६४ ची खेळण्यातली मोटार ठेवली, तर कठडा तटबंदीसारखा दिसू लागतो.

आता खडीचे काय?

काँक्रीटमध्ये सिमेंट, पाणी, वाळू आणि खडी असते. नेहमीच्या बांधकामात २० मिमीपर्यंतची खडी वापरतात. वाळूचे कण ४.७५ मिमीपर्यंतचे असतात. १:२० च्या प्रतिकृतीत ही खडी १ मिमीची आणि वाळूचा मोठ्यात मोठा कण पाव मिलिमीटरचा व्हायला हवा. पण आपण साच्यात नेहमीची वाळू ओततो. तिच्यातला २ मिमीचा कण प्रतिकृतीत ४ सेंमीच्या दगडासारखा दिसतो. पृष्ठभागावर राहिलेला २ मिमीचा हवेचा बुडबुडासुद्धा ४ सेंमीचे भगदाड होतो. भिंत लहान झाली, पण खडी आणि बुडबुडे होते तेवढेच राहिले. खरे सिमेंट खोटे दिसण्याचे कारण हे आहे.

मग कण किती बारीक हवेत? इथे डोळ्याचे गणित कामी येते. आपण प्रतिकृती साधारण ५० सेंमीवरून पाहतो. १:२० प्रमाणात हे खरा कठडा १० मीटरवरून पाहण्यासारखे आहे. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनापर्यंतचे बारकावे वेगळे ओळखता येतात. १० मीटरवर हा कोन सुमारे ३ मिमी भरतो आणि ५० सेंमीवर सुमारे ०.१५ मिमी. म्हणजे प्रतिकृतीतले कण ०.१५ मिमीपेक्षा लहान असले तर ते दिसणारच नाहीत. काँक्रीटचा नुसता पोत तेवढा जाणवेल. आपल्याला पिठासारखा बारीक पदार्थ हवा आहे.

दगडाचे पीठ, पिठाचा दगड

असा सहज मिळणारा पदार्थ म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. जिप्सम या खनिजात कॅल्शियम सल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू स्फटिकात बांधलेले असतात. जिप्सम १२० ते १५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की त्यातले तीनचतुर्थांश पाणी निघून जाते. उरलेली भुकटी म्हणजे प्लास्टर. पॅरिसजवळ जिप्समचे मोठे साठे होते, त्यावरून हे नाव पडले. भुकटीत पाणी घातले की गेलेले पाणी पुन्हा स्फटिकात शिरते, सुईसारखे स्फटिक एकमेकांत गुंततात आणि पिठाचा पुन्हा दगड होतो.

रेणुभारांवरून हिशोब केला तर १०० ग्रॅम प्लास्टरला या क्रियेसाठी फक्त १८.६ ग्रॅम पाणी लागते. पण एवढ्याच पाण्यात ते कालवून पाहा. ओतता येण्याजोगे होणार नाही. ओतण्यासाठी ६० ते ७० ग्रॅम पाणी घालावे लागते. जास्तीचे पाणी नंतर उडून जाते आणि त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. प्लास्टर हलके, सच्छिद्र आणि शाई पिणारे असते ते यामुळेच. रंग देताना या गुणाचा आपल्याला उपयोग होणार आहे.

आणखी एक फरक लक्षात ठेवावा. सिमेंट वाळताना आकसते, त्यामुळे पातळ भागांना तडे जातात. प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगते, त्यामुळे ते साच्याच्या कोपऱ्यात नीट बसते.

साचा

मध्यम जाडीचा पुठ्ठा १५ सेंमी लांब आणि ९४.५ मिमी रुंद कापा. रुंदीच्या एका कडेपासून ४, १९.५, ४३.५, ५१, ७५ आणि ९०.५ मिमी अंतरावर लांबीला समांतर रेघा आखा. या सहा रेघांमुळे ४, १५.५, २४, ७.५, २४, १५.५ आणि ४ मिमी रुंदीच्या सात पट्ट्या होतील. मधली ७.५ मिमीची पट्टी कठड्याचा माथा आहे. रेघांवर बोथट सुरीने दाब देऊन घड्या घाला. मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या घड्या आतल्या बाजूला, त्यापुढच्या दोन बाहेरच्या बाजूला आणि शेवटच्या दोन पुन्हा आतल्या बाजूला. एक पन्हळ तयार होईल. तिच्या दोन टोकांसाठी कठड्याच्या छेदाचे दोन तुकडे कापा. त्यांची उंची ४०.५ मिमी, तळ ३०.५ मिमी. तळापासून ४ मिमीपर्यंत रुंदी तेवढीच ठेवा, १६.५ मिमी उंचीवर ती १२.७ मिमी आणि माथ्यावर ७.५ मिमी करा.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारा. १५.५ आणि २४ ही मापे कुठून आली? उताराची उभी उंची १२.७ मिमी आहे आणि कोन ५५ अंश. मग तिरकी लांबी किती? त्रिकोणमिती शिकलेली मुले ज्या कोष्टक पाहून सांगतील, लहान मुले आकृती काढून पट्टीने मोजतील. दोन्ही उत्तरे सारखी आली की दोघांनाही समाधान वाटेल.

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला रुंद चिकटपट्टी लावा, म्हणजे तो पाणी पिणार नाही. टोके बाहेरून चिकटवा, फटी शाडूने बुजवा. पन्हळ एका खोक्यात ठेवून तिच्या दोन्ही बाजूंना शाडूचा आधार द्या, नाहीतर ओतलेल्या प्लास्टरच्या भाराने भिंती फुगतील. आत खोबरेल तेलाचे बोट फिरवून जादा तेल कापसाने टिपून घ्या. कठडा या साच्यात उलटा ओतला जातो. माथा खाली आणि रुंद तळ वर, म्हणून तो सहज सुटून येतो.

साधी भिंत करायची असेल तर साच्याच्या तळाला आइसक्रीमच्या चपट्या काड्या शेजारी शेजारी चिकटवा. १ सेंमी रुंदीची काडी म्हणजे २० सेंमी रुंदीची फळी. सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे जसे खऱ्या भिंतीवर उमटतात, तसेच ते इथेही उमटतील.

ओतताना

एका कठड्याचे घनफळ ९७ घन सेंमीच्या आसपास आहे. १०० ग्रॅम प्लास्टर आणि ६५ मिली पाणी पुरते. आधी भांड्यात पाणी घ्या आणि त्यावर प्लास्टर भुरभुरवा, उलटे करू नका. मिनिटभर भिजू द्या आणि मग सावकाश ढवळा. जोरात ढवळले तर हवा शिरते. भांड्यात जुन्या प्लास्टरचे कण राहिले असतील तर त्यांच्याभोवती नवे स्फटिक झटपट वाढतात आणि मिश्रण हातातच घट्ट होते. म्हणून भांडे स्वच्छ हवे. आधी थोडेसे मिश्रण साच्यात ओतून ब्रशने कोपऱ्यांत फिरवा, मग उरलेले ओता. खोक्याला खालून हलक्या टिचक्या मारल्या की बुडबुडे वर येतात. खऱ्या बांधकामावर काँक्रीटमध्ये कंपक यंत्र घालतात ते याच कामासाठी.

अर्ध्या-पाऊण तासाने साचा सोडवा. कठडा हाताला गरम लागेल, कारण तापवताना दिलेली ऊर्जा आता परत मिळते आहे. ही उष्णता कमी लेखू नका. प्लास्टरच्या मोठ्या गोळ्याचे तापमान ६० अंशांपर्यंत चढू शकते. २००७ साली इंग्लंडमधल्या एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीने हातांचा ठसा घेण्यासाठी दोन्ही हात प्लास्टरच्या भांड्यात बुडवून ठेवले. प्लास्टर घट्ट झाल्यावर हात निघेनात. भाजल्यामुळे तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. वर्गात हा नियम स्पष्ट सांगा: प्लास्टरमध्ये हात-पाय कधीही बुडवायचे नाहीत. भुकटी नाकातोंडात जाऊ नये म्हणून रुमाल बांधावा. उरलेले मिश्रण मोरीत ओतू नये, ते पाण्याखालीही घट्ट होते आणि नळ बुजतो. पाण्यात ते किती सावकाश विरघळते हे गणेश विसर्जनानंतर आपण पाहतोच.

आता तराजू घ्या. उरलेल्या मिश्रणासह सगळ्याचे वजन सुरुवातीला १६५ ग्रॅम होते. रोज वजन करून नोंद ठेवा. काही दिवसांनी ते ११८ ग्रॅमच्या आसपास स्थिरावेल. मूळ भुकटी १०० ग्रॅमची. वरचे १८ ग्रॅम म्हणजे स्फटिकात बांधले गेलेले पाणी. बाजारातले प्लास्टर अगदी शुद्ध नसते, म्हणून उत्तर थोडे इकडेतिकडे होईल. घाई करून कठडा शेगडीवर वाळवू नका, जास्त तापला तर बांधलेले पाणीही सुटू लागेल.

डाग कारणाप्रमाणे

पूर्ण वाळलेला कठडा पांढराशुभ्र असतो. काळ्या शाईचे काही थेंब वाटीभर पाण्यात टाकून हात द्या. ओला असताना तो फार काळपट दिसेल, पण घाबरू नका. पोकळ्यांत पाणी भरले की प्रकाश कमी विखुरतो आणि पृष्ठभाग गडद दिसतो. पावसात रस्ता काळा दिसतो तसेच हे. वाळल्यावर रंग फिका पडतो, मगच दुसरा हात द्यायचा.

यानंतर मुले हौसेने कुठेही डाग टाकतात, आणि तिथेच देखावा फसतो. डाग टाकण्याआधी विद्यार्थ्यांना एखाद्या जुन्या काँक्रीटच्या भिंतीपाशी न्या आणि प्रत्येक डागाचे कारण विचारा. काळे ओघळ माथ्यावरून खाली येतात, कारण माथ्यावरची धूळ पावसाचे पाणी खाली आणते. हिरवट शेवाळ सावलीच्या आणि ओलाव्याच्या बाजूला असते. तड्यांतून पांढरे क्षार फुटतात. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर बाहेर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट होतो. टायरचे काळे फरांटे खालच्या उतारावर, वाहतुकीच्या दिशेने आडवे असतात. तुटलेल्या कोपऱ्यात खडी दिसते. तिथे जाड रव्याएवढी, म्हणजे १ मिमीची वाळू चिकटवली तर ती २० मिमीच्या खडीसारखी दिसते. इथे वाळूच खडीचे काम करते.

आणि तांबूस डाग? ते सळईच्या जागी असतात. त्यासाठी रंग न वापरता एक प्रयोग करू. दोन घासलेले लोखंडी खिळे घ्या. एक प्लास्टरच्या वडीत आणि दुसरा सिमेंट-वाळूच्या वडीत अर्धा पुरा. सिमेंट मुलांच्या हाताला लागू देऊ नका, ते तीव्र अल्कधर्मी असते. दोन्ही वड्या आठवडाभर ओलसर ठेवा, मग फोडून खिळ्यांचे पुरलेले भाग पाहा. प्लास्टरमधला खिळा गंजलेला आणि भोवतालचे प्लास्टर तांबूस झालेले दिसेल. सिमेंटमधला खिळा जवळजवळ कोरा असेल. सिमेंटच्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपला की अल्कधर्म कमी होतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खारे वारेही तो थर मोडायला मदत करतात. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. जुन्या इमारतींच्या सज्जांना पडलेले तडे हीच गोष्ट सांगत असतात. प्रतिकृतीत तांबूस डाग काढणाऱ्या मुलाला हे कळले, तर तो घराच्या सज्जाखाली उभा राहून वर बघेल. हे ज्ञान प्रदर्शनातल्या बक्षिसापेक्षा मोलाचे आहे.

प्रतिकृती काय सांगत नाही

आपला कठडा सळईशिवायही टेबलावरून उचलता येतो, दोन टेकूंवर आडवा ठेवला तरी मोडत नाही. म्हणून ‘सळईची गरज काय?’ असे एखादा विद्यार्थी विचारेल. प्रश्न चांगला आहे. खऱ्या कठड्याचा ३ मीटरचा तुकडा सुमारे १८६० किलोचा असतो. लांबी २० पटीने कमी केली की छेदाचे क्षेत्रफळ ४०० पटीने आणि वजन ८००० पटीने कमी होते. म्हणजे क्षेत्रफळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर येणारा स्वतःच्या वजनाचा ताण प्रतिकृतीत २० पटीने कमी असतो. पदार्थ तसाच कमकुवत राहिला, तरी लहान वस्तू आपोआप मजबूत वाटते. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात हा मुद्दा मांडला होता. म्हणून ‘आमची प्रतिकृती टिकली, तेव्हा खरी भिंतही टिकेल’ हा निष्कर्ष चुकीचा आहे.

मग अभियंते प्रतिकृतींवर प्रयोग करतात ते कसे? ते प्रत्येक राशीचे प्रमाण वेगळे काढतात. १:२० प्रमाणात १००० किलोच्या मोटारीची प्रतिकृती १२५ ग्रॅमची हवी. चाक उतारावर किती चढेल हे पाहायचे, तर गुरुत्वाकर्षण महत्त्वाचे, आणि ते काही लहान होत नाही. अशा वेळी वेग २० च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे साडेचार पटीने कमी करावा लागतो. ताशी ६० किमीचा वेग ताशी १३.४ किमी होतो. घर्षण सोडून दिले तर गाडी ७१ सेंमी उंचीच्या घसरगुंडीवरून सोडली की तेवढा वेग येतो. करून पाहा, मात्र डोळे आणि बोटे लांब ठेवा. चाक कसे चढते हे थोडेफार कळेल. गाडीचा पत्रा किती चेपेल, हे मात्र या प्रयोगातून कळणार नाही.

वेगाचा हा नियम विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात जहाजांच्या प्रतिकृतींवर केलेल्या कामामुळे रूढ झाला. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती याच तत्त्वावर अभ्यासल्या जातात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हला समुद्राकडेला चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे पडलेले दिसतात. अशा ठोकळ्यांचे बांध लाटांना पुरतील का, हे आधी हौदातल्या लहान लाटांवर आणि लहान ठोकळ्यांवर तपासता येते. ते ठोकळे सुंदर दिसण्याची गरज नसते, पण त्यांचे वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात अचूक असावे लागते. आपल्या देखाव्यातला कठडा दिसायला खरा आहे आणि वजनाने खोटा. खडकवासल्याच्या हौदातला ठोकळा वजनाने खरा आहे, दिसायला कसाही असो.

पुढच्या प्रदर्शनात कोणतीही प्रतिकृती समोर आली की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावा. हिच्यात काय काय लहान झाले आहे? काय होते तेवढेच राहिले आहे? आणि म्हणून ही प्रतिकृती कोणत्या बाबतीत विश्वास ठेवण्याजोगी नाही? प्रतिकृती करणाऱ्या गटाने या तीन प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून प्रतिकृतीशेजारी लावली, तर परीक्षकांना विचारायला फारसे काही उरणार नाही.